सीटखाली मावणारा कॉम्प्युटर

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी बोललं की पाच रुपये दंड! त्यामुळे मी मराठी विभागासाठी लेख देणार म्हटल्यावर रूममधल्या तिघीही पोट धरून हसल्या. ऱ्हस्व-दीर्घ मॅडमनी सुधारून दिलेत, उरलेल्या चुका माझ्या. पोटात घाला.

विषय मला चिठ्ठीने दिला. थर्ड इयरच्या सेमिनारसाठी सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला रोबोटिक्स आलं, कुणाला इलेक्ट्रिक व्हेईकल. माझ्या चिठ्ठीत निघालं, पोर्टेबल कॉम्प्युटरचा इतिहास. तोंड एवढंसं झालं. पण योगायोग असा की, त्याच महिन्यात मला लॅपटॉप घ्यायचा होता.

माझे पप्पा टेलर आहेत. जून महिना म्हणजे युनिफॉर्मचा सीझन. त्या सीझनमधून त्यांनी ५५ हजार रुपये बाजूला काढले आणि लॅपटॉप घे म्हणाले. तोपर्यंत मी चुलत भावाचा जुना लॅपटॉप वापरत होते. वजन अडीच किलोच्या वर, बॅटरी मेलेली, चार्जर म्हणजे वीटच. खांदा इतका दुखायचा की दप्तर कुठल्या बाजूला घ्यायचं याचे वार ठरवले होते! साहजिकच माझं मन एका किलोभर वजनाच्या, वहीसारख्या पातळ लॅपटॉपवर बसलं. पण दुकानात हातात घेतला आणि शंका आली. स्क्रीन छोटा, पोर्ट दोनच, रॅम पुढे वाढवता येणार नाही, आणि आमच्या ब्रँचला तर सॉलिड मॉडेलिंग करायचं असतं. दुसरीकडे मोठ्या स्क्रीनचा, दोन किलोंच्या वरचा. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. हॉस्टेलमध्ये दोन पार्ट्या पडल्या आणि रात्री एक वाजेपर्यंत चर्चा झडल्या. निष्पन्न काहीच नाही.

अशा मनःस्थितीत सेमिनारची तयारी करताना मला एक माणूस भेटला. म्हणजे वाचनात. तो २००३ सालीच गेला. त्याचं नाव ॲडम ऑस्बर्न. माझ्याच प्रश्नाला त्याने ४० वर्षांपूर्वी एक उत्तर दिलं, त्या उत्तरावर करोडो कमावले आणि तीन वर्षांच्या आत सगळं घालवलंही.

नाव वाचून वाटलं, असेल कुणी अमेरिकन. पण ऑस्बर्नचं बालपण चक्क आपल्या भारतात गेलं! त्याचा जन्म ६ मार्च १९३९ चा, बँकॉकचा. वडील आर्थर ऑस्बर्न इंग्रज, आई ल्युसिया पोलंडची. वडील बँकॉकच्या चुलालोंगकॉर्न विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. दोघांनाही अध्यात्माची ओढ. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी थायलंडमध्ये शिरकाव केला आणि वडील त्यांच्या कैदेत अडकले. आई मुलांना घेऊन तामिळनाडूत तिरुवन्नामलईला, रमण महर्षींच्या आश्रमाजवळ राहिली. युद्ध संपल्यावर वडील सुटून आले आणि तिथलेच झाले. रमण महर्षींचं चरित्र इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवणारे आर्थर ऑस्बर्न ते हेच. आपल्या शिर्डीच्या साईबाबांवरही त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलंय.

तर असा हा गोरा मुलगा आश्रमाच्या आवारात अस्खलित तामिळ बोलत वाढला आणि शिकायला कुठे? कोडाईकनालच्या कॉन्व्हेंट शाळेत! हे वाचल्यावर मला तो एकदम आपला वाटायला लागला. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, हा प्रकार मला पक्का माहीत आहे.

पुढे तो इंग्लंडला गेला. १९६१ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातून केमिकल इंजिनिअरिंगची डिग्री आणि १९६८ मध्ये अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातून पीएचडी. केमिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही! कॅलिफोर्नियात शेल ऑईलमध्ये त्याने नोकरी केली, पण डोक्यात कॉम्प्युटर शिरला होता. नोकरी सुटल्यावर त्याने वेगळाच धंदा काढला. चिप बनवणाऱ्या कंपन्यांना मॅन्युअल लिहून द्यायची. ज्यांनी मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये डेटाशीटशी झटापट केली आहे, त्यांना कळेल की ती समजेल अशा भाषेत लिहिणारा माणूस किती दुर्मीळ!

१९७५ च्या सुमारास त्याने मायक्रोकॉम्प्युटरची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. प्रकाशक मिळेना, तेव्हा स्वतःच छापलं. होमब्रू कॉम्प्युटर क्लब म्हणून कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींचा एक क्लब होता. ॲपलवाले स्टीव्ह वॉझनियाक तिथलेच. ऑस्बर्न तिथे खोक्यात पुस्तकं भरून न्यायचा आणि विकायचा. आयएमएसएआय नावाच्या कंपनीने तर आपल्या कॉम्प्युटरबरोबर हे पुस्तक द्यायला सुरुवात केली. धंदा इतका वाढला की १९७९ मध्ये मॅकग्रॉ-हिलने त्याची प्रकाशन संस्थाच विकत घेतली. आजही आपल्या लायब्ररीत जुन्या कपाटात पुस्तकांच्या कण्यावर ऑस्बर्न-मॅकग्रॉ-हिल असं छापलेलं दिसतं. मी जाऊन बघितलं, आहे!

हे सगळं चालू असताना तो मासिकात सदरही लिहायचा. त्यात कंपन्यांची बिनपाण्याने हजामत. मशीन अर्धवट, किमती अवाच्या सवा, सॉफ्टवेअर ज्याने त्याने शोधा. दुसऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं. पण याने पुस्तकांचे पैसे हातात आल्यावर स्वतःच कॉम्प्युटर बनवायचं ठरवलं.

त्याच्या डोक्यात ग्राहक स्पष्ट होता. छंद म्हणून सोल्डरिंग करणारा नव्हे, तर काम करणारा माणूस. अकाउंटंट, लेखक, विक्रेता. त्याला चार गोष्टी हव्यात. लिहिता आलं पाहिजे, हिशेब मांडता आला पाहिजे, सगळं एकाच खरेदीत मिळालं पाहिजे, आणि कॉम्प्युटर बरोबर नेता आला पाहिजे. बरोबर म्हणजे किती? तर विमानात सीटखाली मावेल इतका. सगळं डिझाईन या एका मापावरून निघालं. डिझाईन केलं होमब्रू क्लबच्याच ली फेल्सनस्टाईनने. जानेवारी १९८१ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये ऑस्बर्न-१ लोकांसमोर आला.

आता नीट ऐका. पेटी दिसायला शिवणयंत्राच्या पेटीसारखी. वजन साडेचोवीस पौंड, म्हणजे ११ किलो! हो, हाच तो पोर्टेबल. आत झेड-८० प्रोसेसर, ६४ केबी मेमरी, दोन फ्लॉपी ड्राईव्ह. झाकण उघडलं की झाकणातच कीबोर्ड, आणि तो पूर्ण आकाराचा, बाजूला आकड्यांचं कीपॅडसुद्धा. किंमत १,७९५ डॉलर. शिवाय वर्डस्टार, सुपरकॅल्क, बेसिक ही सॉफ्टवेअर त्याच किमतीत. ती सुटी घेतली असती तर त्यांचंच बिल जवळपास मशीनइतकं झालं असतं.

मग काटछाट कुठे केली? एक म्हणजे बॅटरी नाही. बाहेरून लावायचा पॅक वेगळा घ्यायचा. नुसतं मशीन असेल तर जिथे प्लग, तिथे कॉम्प्युटर. आणि दुसरं म्हणजे स्क्रीन. दोन ड्राईव्हच्या मधोमध जेमतेम ५ इंची ट्यूब. पोस्टकार्डापेक्षाही लहान!

त्यावर एका ओळीत ५२ अक्षरं दिसायची. टाईप केलेल्या पानावर साधारण ८० अक्षरं धरतात. उरलेली कुठे? ती मेमरीत असायची. मेमरीत १२८ अक्षरांपर्यंतची ओळ मांडलेली आणि स्क्रीन म्हणजे तिच्यावरून सरकणारी खिडकी. कंट्रोल आणि बाणाची बटणं दाबून खिडकी डावी-उजवीकडे न्यायची. मला ही युक्ती फार आवडली. जागा नाही म्हणून रडत न बसता इंजिनिअरने काढलेला हा मार्ग. ज्याला टेबलावर मोठा स्क्रीन हवा, त्याच्यासाठी बाहेरचा मॉनिटर जोडायची सोयही पुढच्या बाजूला ठेवली होती.

सेमिनारसाठी म्हणून मी दोन प्रयोग केले. पहिला, मेसच्या मावशींच्या तराजूवर पुस्तकं आणि डंबेल्स ठेवून बरोबर ११ किलो केले, सॅकमध्ये भरले आणि तीन मजले चढले. दुसऱ्या मजल्यावर थांबून पाणी प्यायले. दुसरा, कार्डशीटला ५ इंचाच्या मापाची खिडकी कापली, ती असाइनमेंटच्या पानावर ठेवून वाचायला बसले. अर्ध्या तासात मान आणि डोकं दोन्ही दुखायला लागलं. आता मला सांगा, या दोन्हीतली कोणती गोष्ट जास्त दिवस सहन होईल? तीन मजले चढणं दिवसातून एकदा-दोनदा असतं. खिडकीतून वाचणं दिवसभर असतं. इथे माझी ट्यूब पेटली. पण ऑस्बर्नच्या ग्राहकांची पेटायला वर्षभर लागलं.

कारण सुरुवातीला लोक अक्षरशः तुटून पडले. नुसती पेटी हलकी म्हणून नव्हे, तर उघडली की कामाला लागता येतं म्हणून. पहिल्या आठ महिन्यांत ११ हजार मशीन विकली गेली आणि त्याहून कितीतरी जास्त ऑर्डरी पडून होत्या. पुढे तर महिन्याला १० हजारपर्यंत मजल गेली. हेवर्ड गावातली ती नवखी कंपनी रातोरात मोठी झाली. ऑस्बर्नची गाजलेली भूमिका अशी होती की, मशीन सर्वोत्तम नको, पुरेसं चांगलं हवं. चौथी गोष्ट जमवण्यासाठी स्क्रीनमध्ये केलेली तडजोड लोकांनी आनंदाने स्वीकारली, कारण तोपर्यंत त्यांच्यासमोर दुसरं काही नव्हतं.

आणि मग १९८२ मध्ये दुसरं काही आलं. कायप्रो-२. पत्र्याची पेटी, वजन ऑस्बर्नपेक्षाही थोडं जास्त, किंमत तीच १,७९५ डॉलर. सॉफ्टवेअर यातही फुकट. फरक एकच, स्क्रीन ९ इंची आणि ओळीत पूर्ण ८० अक्षरं. पाठोपाठ कॉम्पॅकचा पोर्टेबल. तोही जड, २८ पौंडांचा, महागही, पण ९ इंची स्क्रीनचा आणि आयबीएम पीसीची सॉफ्टवेअर चालवणारा. पहिल्याच वर्षी ५३ हजार खपले. गंमत बघा, ऑस्बर्नला हरवणारी दोन्ही मशीन त्याच्यापेक्षा जड होती! ११ किलो उचलायची तयारी असलेला माणूस आणखी दीड-दोन किलोंना घाबरत नाही. पण रोज खिडकी सरकवून त्याला कंटाळा येतो.

याचा अर्थ जड तेच चांगलं, असा मात्र काढू नका. १९८३ मध्येच टीआरएस-८० मॉडेल १०० नावाचं मशीन आलं. दीड किलोच्या आतलं, चार पेन्सिल सेलवर चालणारं, स्क्रीनवर फक्त ८ ओळी. ते पत्रकारांनी डोक्यावर घेतलं. कारण त्यांना काय हवं होतं? गावोगाव फिरायचं, बातमी टाईप करायची आणि फोनच्या लाईनवरून ऑफिसला पाठवायची. कीबोर्ड उत्तम होता, मोडेम आतच होता. त्या कामाला ८ ओळी पुरेशा होत्या. ऑस्बर्नच्या अकाउंटंटला नसत्या पुरल्या. म्हणजे पुरेसं म्हणजे किती, हे मशीनवर नाही, कामावर ठरतं.

ऑस्बर्नला चूक कळली नव्हती असं नाही. त्याने ७ इंची स्क्रीनचा, ८० अक्षरांचा एक्झिक्युटिव्ह तयार करायला घेतला. पण १९८३ च्या सुरुवातीला, माल तयार व्हायच्या आधीच, त्याची माहिती पत्रकारांना देऊन टाकली. झालं! दुकानदारांनी विचार केला, नवा येतोय तर जुना कशाला घ्या? जुन्याच्या ऑर्डरी रद्द झाल्या, गोदामात माल साचला, हातातला पैसा आटला. शेअर बाजारात उतरायचा बेत बारगळला. १३ सप्टेंबर १९८३ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एमबीएवाले यालाच ऑस्बर्न इफेक्ट म्हणतात. पुढे काहींनी असंही दाखवून दिलं की घोषणेपेक्षा कायप्रोची स्पर्धा आणि कंपनीतला गलथान हिशेबच जास्त कारणीभूत होता. काही असो, बिचाऱ्याचं नाव शब्दकोशात गेलं ते यशासाठी नव्हे, बुडण्यासाठी.

दुसरा कुणी असता तर खचला असता. हा १९८४ मध्ये पेपरबॅक सॉफ्टवेअर नावाची कंपनी काढून पुन्हा उभा राहिला. कल्पना तीच, पुरेसं चांगलं आणि स्वस्त. सॉफ्टवेअर पुस्तकाच्या भावात विकायचं. त्याचा व्हीपी-प्लॅनर १०० डॉलरला मिळायचा, तेव्हा लोटसचा १-२-३ जवळपास ५०० ला. दिसायला आणि वापरायला दोन्ही सारखे. तेच नडलं. १९८७ मध्ये लोटसने कोर्टात खेचलं आणि १९९० मध्ये निकाल विरोधात गेला. ऑस्बर्न बाहेर पडला.

तोपर्यंत तब्येतही ढासळली होती. मेंदूच्या आजाराने झटके येत होते. १९९२ मध्ये तो भारतात परतला, आपल्या बहिणीकडे, कोडाईकनालला. लहानपणी जिथे शाळेत होता त्याच गावी. सिलिकॉन व्हॅलीत एकेकाळी ज्याच्याभोवती घोळका असायचा, तो माणूस शेवटची अकरा वर्षं त्या थंड हवेच्या डोंगरावर शांतपणे राहिला. १८ मार्च २००३ रोजी गेला. वय ६४. तोपर्यंत जगभर लोक मांडीवर लॅपटॉप घेऊन विमानात बसत होते. पेटी सीटखाली ठेवायचीही गरज उरली नव्हती.

सेमिनार छान झाला. पण त्याआधीच्या रविवारी मी घरी गेले होते, तेव्हा पप्पांना ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं मला वाटायचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातल्या जुन्या हाताच्या मशीनकडे बोट दाखवलं. पूर्वी लग्नसराईत ते मशीन घेऊन लोकांच्या घरी जाऊन शिवायचे. उचलून नेता येतं, पण एक हात चाक फिरवण्यात जातो, कापडाला एकच हात उरतो. पायाच्या मशीनला दोन्ही हात मोकळे, पण ते हलत नाही. म्हणून ब्लाऊजची दुरुस्ती गिऱ्हाइकाकडे आणि युनिफॉर्म दुकानात, असं त्यांनी वाटून घेतलं होतं. ऑस्बर्नला जे समजायला दिवाळखोरी लागली, ते आमच्या पप्पांना आधीच माहीत होतं! मग त्यांनी मला एकच विचारलं, तुझं शिवणकाम कुठे चालतं?

मला उत्तर देता येईना. म्हणून परत आल्यावर दोन आठवडे वहीत नोंद ठेवली. लॅपटॉप कॉलेजला नऊ वेळा नेला. नऊपैकी सात वेळा फक्त प्रेझेंटेशन किंवा नोट्ससाठी, तासाभराच्या आत. मॉडेलिंग, कोडिंग, रिपोर्ट ही सगळी खरी कामं हॉस्टेलच्या टेबलावर, रात्री, चार-चार तास. म्हणजे खांदा दुखत होता वीस मिनिटं आणि मी निवड करत होते फक्त त्या वीस मिनिटांसाठी! शिवाय खरं सांगायचं तर थोडा शो मारायचाही विचार होताच.

शेवटी मी किलोभराचा घेतला नाही आणि सर्वांत मोठाही नाही. १४ इंची, दीड किलोच्या आसपासचा घेतला. दुकानात उभं राहून त्यावर दोन पानं टाईप करून बघितली, दुकानदार वैतागला तरी. रॅम वाढवता येते ना, ते विचारलं. पेन ड्राईव्ह आणि प्रोजेक्टरची केबल थेट लागते ना, ते लावून बघितलं. बॅटरी चार लेक्चर टिकते. उरलेल्या पैशांत एका सीनियरचा जुना मॉनिटर घेतला, तो टेबलावर असतो. बाहेर हाताचं मशीन, रूमवर पायाचं. ही आयडिया अर्धी ऑस्बर्नची, अर्धी पप्पांची.

तुमचं काम वेगळं असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येईल. रोज लोकलने जा-ये करणाऱ्या डे-स्कॉलरला किलोभराचाच योग्य ठरेल. फक्त दुकानात लॅपटॉप एका हाताने उचलून, व्वा किती हलका, म्हणत लगेच पैसे देऊ नका. खाली ठेवा, बसा आणि अर्धा तास काम करून बघा. ५५ हजार रुपयांचे युनिफॉर्म शिवायला किती दिवस लागतात, ते मी पप्पांना विचारलं होतं. आकडा इथे लिहीत नाही, पण तो ऐकल्यापासून लॅपटॉप मी जपून वापरते.